ठोकळ्यांची शेठाणी

माझ्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचा वेढा घालून ती खिडकीच्या गजापर्यंत चालत जायची, गजाला वेढा घालून परत यायची. पुन्हा अंगठा, पुन्हा गज. दुपारभर हेच. मी ओटीवर पाय पसरून बसलो होतो आणि मला काम एकच होतं, हलायचं नाही. "खुंटीसारखं बसा," ती म्हणाली, "जल्मात एक काम तरी नीट करा." मधेच मला पोटरीला खाज सुटली, पाय हलला आणि सगळा दोरा सैल पडला. तिने रीळ खाली ठेवलं, कंबरेवर हात ठेवले आणि बघत राहिली. चाळीस वर्षं लूमच्या कारखान्यात कापड विणत काढली, पण कुठल्या मुकादमाने माझ्याकडे तसं बघितलं नाही.

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं ते शेवटचं काम. ती पोरांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांची लूम बांधत होती, त्या लूमच्या बीमवर, म्हणजे मागच्या रुळावर, चढवायला उभा दोरा मोजून ताणायचा होता. आमच्या घरात दोन भिंतींना खुंट्या नाहीत, म्हणून एक खुंटी मी.

दोन दिवसांनी ती गेली. तिरडीवर बायकांनी तिच्या दोन्ही पायांचे अंगठे दोऱ्याने बांधले तेव्हा मी उभा राहून बघत होतो. माझ्या अंगठ्यावरचा वळ नुकताच गेला होता.

आता एक बोलतो, कुणाला राग आला तर येऊ दे. ती गेली तेव्हा मला रडू यायच्या आधी हायसं वाटलं. तिची आई अंथरुणाला खिळून वर्षानुवर्षं पडली होती, तिचं हागणंमुतणं हिने काढलं होतं. तेव्हापासून हिचा देवाजवळ एकच धोशा, मला उठताबसता ने. तसंच झालं. सकाळी चहा पिता पिता भिंतीला टेकली, कप खाली नीट ठेवलेला, आणि संपलं. मी तिच्या बहिणीला म्हटलं, "बरं झालं, सुटली." बहिणीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला मारलं. मेहुणी अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. मला माहीत आहे ही कशाला घाबरायची ते.

तिचं नाव मी लिहीत नाही. जन्मभर कधी घेतलं नाही, आता कागदावर काय घेऊ. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आमच्या गल्लीत तिला सगळे शेठाणी म्हणायचे. ते नाव टोमणा म्हणून पडलं. त्याची गोष्ट अशी.

आमच्या गल्लीत आधी दोन्ही अंगांना लूमचे कारखाने होते. खटखट खटखट, रात्रंदिवस. पाहुणा आला की त्याला झोप लागायची नाही आणि आमचं पोरगं आजोळी गेलं की त्याला झोप लागायची नाही, कारण तिकडे आवाज नाही. मी लूम चालवायचो आणि ही कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती दोऱ्याची छोटी नळी. धोटा इकडून तिकडे धावतो, कांडीतला दोरा सुटत जातो, कापड होतं. मग धंदा बसला. एकेका शेठने कारखाना बंद केला, लूम भंगारात दिल्या. भंगारवाले घण घेऊन आले आणि बिडाच्या लूम जागेवर फोडून किलोवर घेऊन गेले. गल्ली गप्प झाली. मी म्हातारा झालोच होतो, मला काही वाटलं नाही. हिचे हात मात्र थांबेनात. टीव्ही बघताना पण बोटं फिरायची, कांडी भरल्यासारखी.

एकदा ती शेलार गावाच्या बाजूला भंगारवाल्याकडे फुटकी बादली आणि रद्दी द्यायला गेली. पूर्णा गावातल्या ऑनलाइनवाल्यांच्या गोदामांमधून लोकांनी परत पाठवलेला, फुटका, उघडा माल त्याच्याकडे पोत्यांनी येतो. तिथे तिने एक पोतं बघितलं. लाल, पिवळे, निळे प्लास्टिकचे ठोकळे, एकमेकांत टच करून बसणारे, त्यांतच दात्यांची चाकं, काळ्या काड्या, वायर लोंबणारी दोन मोटरी. बादली आणि रद्दीच्या बदल्यात तिने ते पोतं मागितलं. भंगारवाला म्हणाला, "चाची, ये बच्चों का है." ही म्हणाली, "मेरेकू मालूम. तोलो." आणि पोतं डोक्यावर घेऊन घरी आली.

मी विचारलं, नातवाला का? म्हणाली, "न्हाय. माझं हाय."

पोतं आधी बाथरूममध्ये गेलं. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून रिठ्याच्या पाण्यात सगळे ठोकळे धुतले, गच्चीवर पापडाच्या प्लास्टिकवर वाळत घातले. शेजारीण विचारायला आली, काय गो, सांडगे घातलेस? ही म्हणाली हो.

ठोकळ्यांना तिने आपली नावं ठेवली. दात्यांचं चाक म्हणजे चकली, लांब काडी म्हणजे शेवग्याची शेंग, चपटा तुकडा म्हणजे पापडी, आणि दोन तुकडे जोडणारी बारकी पिन म्हणजे लवंग. त्यामुळे आमच्या घरातलं बोलणं बाहेरच्याला समजायचं नाही. "दोन चकल्या आणि एक शेंग कुठं गेली?" म्हटलं की मी खाटेखाली वाकायचो. बारीक माल ती मसाल्याच्या डब्यात ठेवायची, कारण त्याला वाट्या असतात. खरा मसाला गेला पिशवीत. एकदा बोंबलाच्या कालवणात माझ्या दाताखाली चाक आलं. मी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. ती म्हणाली, "बघा, हेच शोधत होते सकाळपासून." आणि धुऊन घेऊन गेली. कालवण कसं झालंय ते विचारलं पण नाही.

पोत्यात ठोकळे कसे जोडायचे त्याचं चित्राचं पुस्तक पण होतं, ते तिने कधी उघडलं नाही. रंगाचं तिला काही पडलेलं नव्हतं. लाल पायाला हिरवी मांडी आणि पिवळं डोकं, होळीच्या सोंगासारखं मशीन. सून म्हणाली, आई, एका रंगाचं करा ना, छान दिसेल. ही म्हणाली, छान दिसायला तू हायस की घरात.

पहिलं मशीन कांडी भरायचं झालं. मोटर लावली, बटण दाबलं, आणि खरोखर कांडी भरली. तिने हातात घेऊन दाबून बघितली, कडक भरली का बघायला, जशी कारखान्यात बघायची. मग खाली उतरून गल्लीत सगळ्या घरी दाखवून आली. तेव्हा कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणाला, गल्लीत आता एकच मशीन चालू आहे आणि शेठाणी ही आहे. बायका हसल्या. हिला ते आवडलं. कुणी शेठाणी हाक मारली की ओ द्यायची, आणि वर म्हणायची, कामावर यायचं तर वेळेवर यायचं.

सुनेने फोनवर त्या मशीनचा व्हिडिओ काढला आणि कुठेतरी टाकला. काही दिवसांनी ठाण्याहून एका मुलीचा फोन आला. ती इंजिनियर, नोकरी करते आणि रविवारी ठोकळ्यांच्या क्रेन बांधते. अशी वेडी माणसं पुष्कळ आहेत, हे तेव्हा आम्हाला समजलं. ती सगळी हॉल भाड्याने घेतात, टेबलं मांडतात, आणि आपापली मशीनं चालवून लोकांना दाखवतात. मुलगी म्हणाली, आजी, तुम्ही याल का? ही म्हणाली, जेवण असतं का? मुलगी म्हणाली, वडापाव असतो. ही म्हणाली, मंग मी डबा आणते.

पहिल्या वेळी आम्ही गेलो तर हॉलमध्ये आगगाड्या, रोबोट, जहाजं. सगळी तरुण पोरं, टी-शर्टवाली. त्यांच्यात ही आगरी लुगडं नेसून, नाकात नथ घालून, स्टुलावर. जो येईल तो विचारायचा, हे कोणी बनवलं, नातवाने? दोनतीनदा ऐकून घेतलं. मग एकाला म्हणाली, "नातू पुण्याला असतो. त्याला चहा करता येत न्हाय, मशीन कुठलं?"

दुपारी ती टेबलं बघायला निघाली. प्रत्येकाच्या टेबलाखाली वाकून बघायची, कारण मशीनचं खरं खालून समजतं असं तिचं म्हणणं. एका दाढीवाल्या माणसाची माणसाएवढी उंच क्रेन होती. हिने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, पोट मोठं, कंबर बारीक, संध्याकाळपर्यंत पडेल. त्याचं तोंड उतरलं. संध्याकाळी हॉल बंद होताना ती परत गेली. क्रेन उभी होती. "न्हाय पडली," ती म्हणाली. "माझी चूक. घ्या." आणि उरलेली भाकरी आणि सुकटीची चटणी त्याच्या हातात दिली. तो माणूस पुढच्या प्रत्येक वेळी आमच्या टेबलावर डब्याच्या वेळेला यायचा.

तिचा एक नियम होता. "चार परक्या माणसांनी चालताना बघितलं तर ते मशीन. न्हायतर खेळणं." म्हणून घरात कितीही चाललं तरी ती ते झालं असं म्हणायची नाही. हॉलमध्ये चाललं की झालं. आणि झालं की दुसऱ्या दिवशी मोडून टाकायची, त्याच ठोकळ्यांचं पुढचं मशीन. म्हणून आज दाखवायला मागचं काही नाही.

खंडेनवमीची गोष्ट तर त्या हॉलवाल्यांत अजून सांगतात. दोन दिवसांचं प्रदर्शन होतं आणि पहिलाच दिवस खंडेनवमीचा. त्या पोरांच्या ध्यानात नव्हतं. हिने सहा कांड्या एकदम भरणारं मशीन नेलं होतं. टेबलावर मांडलं, बॅटरी काढून विड्याच्या पानावर ठेवली, मशीनला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आणि हात जोडून बसली. लोक येऊन बटण दाबायचे, काही होईना.

ठाण्याची मुलगी धावत आली. "आजी, चालू करा ना."

"आज न्हाय. आज त्याची सुट्टी हाय."

मुलीने समजावलं की आज बक्षीस द्यायला माणसं येणार आहेत, बंद मशीनला बक्षीस मिळत नसतं. ही म्हणाली, मंग नसू दे. आमच्या कारखान्याचा शेठ एवढा कंजूष की पोरांना चहा अर्धा कप द्यायचा, पण खंडेनवमीला लूमला हात लावू द्यायचा नाही. हत्यार वर्षभर राबतं, एक दिवस त्याला पुजायचं, राबवायचं नाही. हे काय त्या मुलीला नव्याने सांगायचं?

एवढ्यावर थांबली असती तर ठीक. पण पूजेचं ताट हातात, आणि समोर एवढी मशीनं बिनपूजेची. ती उठली. मी लुगड्याचा पदर धरला, तिने सोडवला. एकेका टेबलाला जाऊन मशीनला कुंकू लावायला लागली, आणि लावायच्या आधी म्हणायची, "बंद कर, बाळा. चालत्या मशीनला कुंकू लावत न्हाईत." आता म्हातारी बाई ताट घेऊन समोर उभी, कोण नाही म्हणेल? आगगाडी थांबली. जहाज थांबलं. दाढीवाल्याने क्रेन आपणहून थांबवली आणि चपला काढून उभा राहिला. बघता बघता हॉल असा गप्प झाला की पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला, आणि तेवढ्यात बक्षीसवाली माणसं दारातून आत आली.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. ही त्यांनाही कुंकू लावायला निघाली होती. शेवटी तिने नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, आणि म्हणाली, तुमचं तुम्ही चालू करा, तुमचा देव तुमच्यापाशी, माझं उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हॉल बंद होईपर्यंत तिचं मशीन एकदाही अडलं नाही. बक्षीस मिळालं नाही. येताना गाडीत म्हणाली, "वडापाव बरा होता यंदा."

मग एक दिवस म्हणाली, आता लूम. खरं कापड विणणारी, बोटभर रुंदीचं का होईना.

त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला काही विचारलं. ती कांड्या भरणारी, लूम तिने जन्मभर बघितली पण चालवली नव्हती. "तुमी काय करायचा ते सावकाश करून दाखवा," म्हणाली. लूम नाही, काही नाही, मी ओटीवर उभा राहून हवेत करून दाखवलं. अर्धे दोरे वर, अर्धे खाली, मधून धोटा पळाला, फणीने ठोकलं, आता वरचे खाली, खालचे वर. हात, पाय, मान, सगळं हलतंय. समोरच्या गच्चीवर बायका जमल्या. त्यांना वाटलं म्हाताऱ्याच्या अंगात आलं. ही जमिनीवर बसून फक्त बघत होती. "परत," म्हणायची. "परत. धोटा जाताना पाय कुठं असतो?" संध्याकाळपर्यंत माझे गुडघे गेले. पण तिला समजलं.

लूम बांधायला पाऊसभर लागला. मला हात लावू द्यायची नाही. "तुमचा हात जड हाय, त्याला लोखंडाची सवय." ठीक आहे, मी बघायचो. धोटा म्हणजे काडेपेटीएवढा डबा, त्याला एका बाजूची दांडी ढकलायची, दुसऱ्या बाजूची दांडी ओढायची. ठाण्याच्या प्रदर्शनाला नेते म्हणून तिने त्या मुलीला शब्द दिला, टेबल ठरलं. मग त्या दुपारी आम्ही दोरा ताणला, तिने तो बीमवर चढवला, आणि दोन दिवसांत वीतभर पट्टी विणून झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चहा.

माणसं येऊन गेली. दहावं, तेरावं झालं. लूम कपाटावर होती तशीच. पुढे वीतभर कापड, मागे बीमवर दोरा शिल्लक. थोरला मुलगा म्हणाला, बाबा, काचेची पेटी करतो, आयच्या फोटोजवळ ठेवू. चांगल्या मनाने म्हणाला. पण मला ती लूम डोळ्यासमोर नको झाली.

आमच्यात अर्धा बीम सोडत नाहीत. कारागीर गावाला गेला, आजारी पडला, मेला, तरी दुसरा कारागीर त्याच्या जागी उभा राहतो आणि बीम उतरवतो. उतरवतो म्हणजे शेवटच्या दोऱ्यापर्यंत विणून संपवतो. भंगारवाले घण घेऊन आले होते तेव्हा पण शेठने त्यांना बाहेर बसवलं होतं, चढलेले बीम उतरेपर्यंत. कारखान्यातले जुने म्हणायचे, अर्धा बीम ठेवून माणूस गेला तर त्याचा पाय दोऱ्यात राहतो. मी देवभोळा नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ती उठताबसता सुटली, आणि मागे तिचा बीम अर्धा, हे मला गिळवत नव्हतं. जेवण जात नव्हतं. तो बीम उतरला पाहिजे होता, आणि तिच्या नियमाप्रमाणे परक्या माणसांसमोर उतरला पाहिजे होता.

ठाण्याच्या मुलीचा फोन आला. आधी रडली. मग म्हणाली, आजोबा, टेबल दुसऱ्याला देऊ का? मी म्हटलं, "ठेव. मी येतो."

थोरल्याला ते पटलं नाही. तेरावं होऊन आठवडा नाही झाला आणि तुम्ही खेळण्यांच्या जत्रेला निघालात, लोक काय बोलतील, असं म्हणाला. मी म्हटलं, "लोक दोन दिवस बोलतील. हा बीम राहिला तर मी मरेपर्यंत बोलत बसेन, आणि ते तुलाच ऐकायला लागेल." सकाळी त्यानेच गाडी काढली. मी मागे बसलो, मांडीवर गोधडी, गोधडीवर लूम. ठाण्याच्या रस्त्याचे खड्डे सगळ्यांना माहीत आहेत. प्रत्येक खड्ड्याला मी लूम पोटाशी धरत होतो.

हॉलमध्ये आमच्या टेबलावर तिचा फोटो लावला होता, हार घालून. पोरांनी प्रेमाने लावला. येणारा प्रत्येकजण फोटोसमोर उभा राहून तोंड पाडत होता. मी म्हटलं, "फोटो काढा. मशीन बघू द्या लोकांना." मग बटण दाबलं. दोरे वरखाली झाले, धोटा निघाला आणि मधेच अडकला. परत दाबलं, परत तिथेच.

पोरं जमली. कुणी म्हणालं, राहू द्या आजोबा, नुसती ठेवू. मला तेच नको होतं. ठाण्याची मुलगी म्हणाली, "आजोबा, बाजू उघडू?" पाऊसभर मला हात लावू दिला नाही त्या मशीनची बाजू ही पोरगी उघडणार. मी म्हटलं, "उघड. मला काय समजतंय त्यातलं?"

तिने पापड्या काढल्या, आत बोट घालून दांडी हलवली. म्हणाली, इथे एक पिन नाही, म्हणून दांडी पूर्ण जात नाही. मी म्हटलं, लवंग. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही. दुसरी पिन बसवून बघितली, ती सैल. त्यांच्याकडच्या नव्या पिना आणि आमच्या भंगारातल्या पिना, फरक होताच. एवढ्यात थोरला कुठे दिसेना. मला वाटलं कंटाळून बाहेर गेला. तर तो खाली गाडीपाशी जाऊन गोधडी झटकत होता. घामाघूम होऊन वर आला, मूठ उघडली, आणि त्यात ती बारकी काळी पिन. मुलीने ती बसवली, पापड्या लावल्या, बटण दाबलं. धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला आणि परत आला.

पण विणायला लागल्यावर दोरे तुटायला लागले. इतके दिवस ताणात राहून ते कडक झाले होते. एक तुटला, दुसरा तुटला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, चिकटपट्टी शोधायला लागली. मी म्हटलं, बाजूला व्हा. स्टूल ओढलं, चष्मा लावला. तुटलेलं टोक धरून बारीक भोकातून ओवायचं आणि अशी बारीक गाठ मारायची की ती फणीतून जाईल. एवढं काम मी जन्मभर केलेलं. पण कारखान्यातल्या लूम माझ्याएवढ्या उंच, आणि इथे सगळं माझ्या बोटाएवढं. पहिली गाठ मारायला एवढा वेळ गेला की लोक पांगले. मुलीने केसांतली पिन काढून दिली, तिचा आकडा करून दोरा ओढता आला.

मग आमचं जमलं. ती बटणावर, मी दोऱ्यावर. कारखान्यात आम्ही हिंदीत ओरडायचो, कारण निम्मे कारागीर उत्तरेकडचे. तेच तोंडात आलं. मी म्हणायचो "रोक", ती थांबवायची. मी गाठ मारायचो, "छोड", ती सोडायची. रोक, छोड, रोक, छोड. जेवायची वेळ गेली. दाढीवाला चहा घेऊन आला, तो थंड झाला. थोरला माझ्या मागे उभा राहून माझ्या कपाळाचा घाम पुसत होता, ऑपरेशनच्या डॉक्टरला पुसतात तसा. पट्टी पुढे सरकत होती. तिची वीत आधी सरळ, एकसारखी, आणि त्यापुढे माझा भाग, गाठीगाठींचा, आजारातून उठलेल्या माणसासारखा. पण कापडच ते.

संध्याकाळी बाकीची टेबलं आवरायला लागली तरी आमचं चालू होतं. हळूहळू सगळे येऊन भोवती उभे राहिले. मग बीमवरचा दोरा संपला. धोटा शेवटचा गेला, फणीने ठोकलं, आणि पुढे ओढायला काही राहिलं नाही.

"बीम खाली," मी म्हटलं. कारखान्यात तसं ओरडायचं असतं, मला तेव्हा ओरडता आलं नाही. कुणाला समजलं नाही, मग मुलीने टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली.

मी तिथेच बसून राहिलो. छातीवरचं ओझं उतरलं वगैरे लोक म्हणतात, मला तसं काही वाटलं नाही. मला भूक लागली. एवढी भूक की पोटात दुखलं. वडापाव मागवले. एकामागून एक तीन खाल्ले, ठसका लागला, थोरला पाठ चोळत हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मी म्हटलं, तिखट हाय चटणी. तो म्हणाला, हो.

मुलगी म्हणाली, आजोबा, ही पट्टी आम्हाला द्या, फ्रेम करून पुढच्या प्रत्येक प्रदर्शनात लावू. थोरला म्हणाला, घरी फोटोखाली लावायला हवी. मी पट्टी कापली, गुंडाळून खिशात घातली आणि म्हटलं, बघू. मुलीला लूम दिली. मोडून टाक आणि यातून काही बांध, असं सांगितलं. ती नको नको म्हणत होती, पण घेतली. रिकामी मांडी घेऊन मी घरी आलो. रस्त्यातच झोप लागली, खड्डे समजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली. लेंगा घालायला काढला तर नाडी कुजून तुटलेली. असल्या गोष्टी ती बघायची, मला माहीत पण नव्हतं की नाडी कुजते. कालच्या सदऱ्याच्या खिशातली पट्टी काढली. लांबी पुरत होती. सेफ्टी पिन शोधली आणि पट्टीच्या टोकाला लावून नेफ्यात सरकवली. अडकली. माझ्या बाजूचं टोक होतं ते, सगळ्या गाठी. जोर केला तरी जाईना. मग पट्टी बाहेर ओढली, फिरवली आणि पिन तिने विणलेल्या टोकाला लावली. ते सरळ, मऊ. सरसर आत गेलं आणि माझ्या गाठी मागून एकेक करून आपोआप ओढल्या गेल्या.

लेंगा घातला, तेवढ्यात सून चहा घेऊन आली, नाडीची टोकं लोंबत होती. तिने तोंडावर हात ठेवला. "बाबा, ते आईंचं कापड."

"कापडच हाय," मी म्हटलं, आणि गाठ मारून गल्लीत फेरी मारायला निघालो.